ओलीचा हेवा

कार्तिक लागला की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवावं असं काही नाही. हेव्याचं दुखणं आहे आणि ते साठ-पासष्ट वर्षं जुनं आहे. गोंदियातल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अजून धानाचा एक तुकडा दिसतो. चारी बाजूंनी घरं उठली, पण कुणा हट्टी माणसाने तो विकलेला नाही. तिथला धान पिवळा पडला की सकाळी वास वर येतो, पिकल्या लोंब्यांचा आणि त्यांच्या बुडाशी मुरलेल्या ओलीचा, दोन्ही एकदम. शेजारच्या गुप्ताबाई म्हणतात, "कितनी अच्छी खुशबू है ना, दादीजी!" मी हो म्हणते. चांगल्या माणसाने या वासाने सुखावावं. मी चरफडते.

यंदा तर त्यात नातीने भर घातली. अनघा माझ्या मुलीची मुलगी. ती परदेशात एका मोठ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे न्यूट्रॉन आणि म्युऑन नावाच्या कणांचे झोत तयार करतात आणि ते वस्तूंमधून पाठवून वस्तूंच्या आतलं पाहतात. दर रविवारी ती फोनवर दिसते. परवा म्हणाली, "आजी, तळहात उघड बघू." मी उघडला. "आत्ता त्यातून एक म्युऑन गेला. हा दुसरा. सेकंदाला एखादा जातोच. वर आकाशात जन्मतात, छपरातून येतात, तुझ्यातून जातात, जमिनीत शिरतात. तुला पत्तासुद्धा नाही!"

मी म्हटलं, "माझ्यातून जाताना विचारायला काय झालं त्यांना?"

ती हसली. मग तिने सगळं सांगितलं. मोठ्या पुरातन दगडी बांधकामात पोकळी कुठे आहे, ज्वालामुखीच्या पोटात काय चाललंय, ते हे आकाशातले म्युऑन कुठून किती आरपार आले यावरून कळतं. तयार केलेले म्युऑन एखाद्या पदार्थात पेरले, तर ते आतल्या चुंबकत्वाची बातमी बाहेर देतात. त्यातून बॅटऱ्या सुधारतात. न्यूट्रॉनने रेल्वेच्या चाकात कुठे ताण साठलाय ते चाक न कापता दिसतं. औषधाचा कण शरीरातल्या कणाला कुठे चिकटतो तेही दिसतं, आणि जुन्या मूर्तीचं पोट मूर्तीला धक्का न लावता पाहता येतं. मी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं बाई" म्हटलं. माझ्या "बरं बाई"चा अर्थ तिच्या आईला कळतो, तिला कळत नाही.

शेवटी तिने एक फोटो पाठवला. मातीत वाढणारं एका शेंगवर्गी झाडाचं मूळ, माती न उकरता न्यूट्रॉनने टिपलेलं. मुळाभोवती जिथे पाणी आहे तिथे गडद, जिथे नाही तिथे फिकट. मूळ पाणी पिताना दिसत होतं. एक धागा जरा जास्त गडद होता, दुसरा अजून कोरडा होता. अनघा वाट पाहत होती की आजी आता वाहवा करील. आयुष्यात मला एकच विद्या शिकायची होती, जमिनीखालची ओल ओळखायची. ती माझ्या घरात होती. मला मिळाली नाही. आणि इथे ही पोरगी खोलीत बसून ओलीचे फोटो काढते आहे.

आमचं गाव आमगावच्या पुढे, सालेकशाच्या अंगाला. तेव्हा जिल्हा भंडारा. गाव म्हणजे साठेक घरं, एक बोडी (आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात) आणि उतरत गेलेल्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. धान कापायच्या पंधरा-वीस दिवस आधी, धान उभा असतानाच, त्याच्यात लाखोरीचं बी फेकायचं. नांगर नाही, पाणी नाही. धानाने पिऊन उरलेल्या ओलीवर ती उगवते. वर विळा चालतो, खाली दोन पानांची लाखोरी उभी असते. वर्षाची डाळ तिच्यातून निघते. पण बी फेकायचा दिवस एकच असतो. आदल्या दिवशी फेकलं तर चिखलात कुजतं, आणि दोन दिवस उशीर झाला तर मातीवर तसंच पडून पाखरांच्या पोटात जातं.

तो दिवस आमच्या गावात माझा बाप सांगायचा. त्याचं नाव इस्तारी, पण सगळे त्याला टाचवाला म्हणत. आमची एक बांधी गावाच्या मध्यावर होती, फार खोलगट नाही, फार उंचावर नाही. बा सकाळी अनवाणी तिच्यात उतरायचा, उजवी टाच मातीत दाबायचा, उचलायचा आणि खड्ड्याकडे पाहत उभा राहायचा. खड्ड्यात पाणी जमलं तर "नाई". कडा चमकल्या आणि तळ कोरडा राहिला तर "फेका". तो "फेका" म्हणाला की गावभर सुपं घेऊन माणसं निघत. पण कडा तर मलाही दिसायच्या. कडा चमकायच्या आधी त्याच्या टाचेला जे कळायचं, ते मला हवं होतं.

मी मागितलं. एकदा नाही, तीन कार्तिक मागितलं. सातवी पास झाले होते, गावातली एकटी पोरगी. बाचं उत्तर ठरलेलं. "तू त उद्या परघरी जाशीन. तिकडची माती येगळी. कायले शिकतं?" त्यात राग नव्हता. पाऊस उघडला म्हणावं तसं तो ते म्हणायचा. मायने एकदा माझी बाजू घेतली. तिलाही त्याने तसंच सांगितलं.

साठ साल उजाडायच्या आधीचा तो कार्तिक. दसऱ्यानंतर आमगाव स्टेशनावरून बैलबंडीत बसून एक सायेब आला. कानडे त्याचं नाव, नागपूरकडचा, मुंबईला शिकलेला, पंचविशी-सव्विशीचा. सोबत दोन खोकी. एक इतकं जड की चौघांनी उतरवलं. आमची सपरी, म्हणजे पुढची ओसरी, मोठी, म्हणून त्याचा मुक्काम आमच्याकडे पडला. धान निघाल्यावर जमिनीत किती खोल, किती दिवस ओल राहते, हे त्याला मोजायचं होतं. पहिल्याच दिवशी त्याने आमच्या मधल्या बांधीत एक पोकळ नळी उभी गाडली आणि तिच्यावर झाकण बसवलं. नळीत सोडायची कांडी त्या जड खोक्यात होती.

शेजारच्या मोतीरामकाकांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "सायेब, हे त्या अ‍ॅटमचं त नाई ना? धान जळन त नाई?"

"त्याच घरातलं आहे, काका," कानडे म्हणाला. "पण हे घर जाळायला नाही, बघायला आलंय. ही कांडी मात्र कोणी हाताळायची नाही. ती मेणाच्या डब्यात राहील."

"आनि हे पाहून पोट भरते का?"

"लगेच नाही भरत," तो म्हणाला. मोतीरामकाकांना हे उत्तर आवडलं. खोटं बोलत नाही म्हणाले.

मला नाही आवडलं. मला त्याचं काहीच आवडलं नाही. त्याचा पांढरा सदरा नाही, जेवताना मायला "छान झालंय" म्हणणं नाही. रोज सकाळी तो कांडी नळीत सोडायचा. वायरच्या दुसऱ्या टोकाला एक पेटी, तिच्यावर बारीक दिवे लुकलुकायचे आणि आकडा पुढे सरकायचा. बाला त्याने सगळं समजावलं. मी दारामागून ऐकलं. कांडीतून न्यूट्रॉन सुटतात, वेगाने. मातीतल्या जड कणांवर आपटले तर वेग फारसा न गमावता उडतात. गोटी मोठ्या दगडावर आपटावी तसे. पाण्यात मात्र हायड्रोजन असतो, आणि तो बरोबर न्यूट्रॉनच्याच वजनाचा. गोटीला गोटी लागली की पहिली मंदावते. असे मंदावलेले न्यूट्रॉन पेटी मोजते. ते जितके जास्त, तितकं खाली पाणी जास्त.

बाने खाली बसून नळीवर हात ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे हेही टाचच होय. तुमची टाच दीड हात खाली जाते, आमची चार बोटं."

आणि त्याने, माझ्या बापाने, त्या उपऱ्या माणसाला म्हटलं, "चप्पल काढा सायेब. या इकडे. ठेवा टाच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी परघरी जाणार म्हणून मला नाही, आणि हा तर महिन्याने जाणार होता! नागपूरलाही नाही, मुंबईला. तिथे कोणत्या बांधीत उतरणार होता तो? पण बा रोज सकाळी त्याला घेऊन निघायचा. धुऱ्यावरून दोघं चालायचे, पुढे बा, मागे हा, चप्पल हातात धरून. माझ्याशी वर्षात बोलला नसेल तेवढं बा त्याच्याशी एका फेरीत बोलायचा. कानडे वहीत एका बाजूला आकडा लिहायचा आणि दुसऱ्या बाजूला बाचे शब्द. मी ती वही चोरून वाचली. "इस्तारीदादा: टाच गिळते, सोडत नाही. अजून थांबा." "टाच थंड लागली, पण चिकटली नाही. जवळ आलं." हे शब्द माझे होते. माझ्या घरचे होते. कुणा परक्याच्या निळ्या शाईत मला ते पहिल्यांदा वाचायला मिळाले.

माय म्हणाली, "जळून कायले राहिली वो? जेवत काऊन नाई?"

"मी कुठं जळून राहिली?" मी म्हटलं आणि ताट सरकवलं.

आता म्हातारपणी वाटतं, त्या माणसाचा खरं तर राग यायचं कारण नव्हतं. तो नम्र होता. आज अनघा सांगते की मुळांची, धरणांच्या बांधांची, शेतांची ओल मोजायला अशा युक्त्या जगभर वापरतात, कुठे किती पाणी द्यायचं ते त्यावरून ठरवतात आणि पाणी वाचवतात. त्या कामाची एक सुरुवात आमच्या बांधीत झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. शाळेत मास्तरीण असताना मी मुलांना सांगितलंही असतं. पण जिथे मला अभिमान वाटायला हवा नेमका तिथे मला ती चप्पल हातात घेऊन चालणारी आकृती दिसते आणि तोंड कडू होतं. विज्ञान सगळ्यांचं असतं म्हणतात. बाप सगळ्यांचा नसतो.

तेव्हा मी काय केलं ते लिहिते. तीन दुपारी, माणसं जेवून कलंडली की, मी बोडीवरून दोन-दोन घागरी भरून आणल्या आणि त्या नळीच्या बुडाशी ओतल्या. हळूहळू, मुरेल तशा. धान कमरेपर्यंत, त्यामुळे ओतलेलं कुणाला दिसत नव्हतं. बा टाच ठेवायचा तो कोपरा दूर होता. माझा हिशेब साधा होता. टाच खरं बोलेल, यंत्र खोटं बोलेल. बा "फेका" म्हणेल, यंत्र "थांबा" म्हणेल. गाव फेकील, लाखोरी तरारून येईल, आणि सायेब आपली खोकी घेऊन मान खाली घालून जाईल. माझा बाप माझ्याकडे परत येईल.

चौथ्या सकाळी मी मुद्दाम धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. बाने टाच ठेवली, उचलली. कडा चमकत होत्या. त्याचा चेहरा मोकळा झाला. "आज," तो म्हणाला.

कानडेने आकडा पाहिला. पुन्हा मोजलं. कपाळाला आठी पडली. "दादा, खाली अजून फार पाणी दिसतंय. कालपेक्षा वाढलंय. असं कसं वाढलं मला समजत नाही." मग लगेच म्हणाला, "पण तुम्ही टाचेचंच ऐका. माझं काम अजून कच्चं आहे."

बाने पुन्हा टाच ठेवली. मला वाटलं, आता म्हणेल. म्हण ना बा, फेका म्हण!

"नाई," बा म्हणाला. "माही टाच म्हातारी झाली असन. हे खालचं पाहून राहिलं. मी वरचंच सांगतो. थांबा म्हनून सांगा गावाले."

तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. मी धुऱ्यावरून उतरून घरी गेले.

गाव चार दिवस थांबलं. त्या चार दिवसांत उघडा कोरडा वारा सुटला. मी घागरी टाकणं बंद केलं होतं, त्यामुळे आकडा आपोआप खाली आला आणि मग बाने "फेका" म्हटलं. सुपं निघाली. बी पडलं. धान कापला गेला, पेंढ्या खळ्यावर गेल्या, आणि खाली जिथे हिरवा गालिचा असायचा तिथे धसकटं आणि भेगा. खोलगट बांध्यांत थोडी उगवली. बाकी गावाची वर्षाची डाळ पाखरांनी खाल्ली. कुणी भांडायला आलं नाही, ते जास्त वाईट होतं. मोतीरामकाकांनी आमच्या सपरीत बसून एक बिडी ओढली. जाताना एवढंच म्हणाले, "टाच गेली गा तुही, इस्तारी."

बा "हो" म्हणाला. त्या दिवसापासून तो शेतात जाताना जोडा घालू लागला. टायरचा, आमगावच्या बाजारातून आणलेला. मायला म्हणाला, काटे टोचतात. चाळीस वर्षं त्याला काटे टोचले नव्हते.

कानडे निघाला त्या सकाळी बंडी जुंपलेली होती. मी त्याला गोठ्यामागे गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं. घागरी, तीन दुपारी, का ते. तो लाल झाला, मग पांढरा पडला. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी लागेल असं. त्याने वही काढली, तीन ओळींवर काट मारली आणि समोर लिहिलं, "वरून पाणी ओतलेले. धरू नये." मग टोपण लावत म्हणाला, "माझी वही दुरुस्त झाली, कौशल्याताई. दोन रेघा मारल्या की आमचं होतं. तुमच्या वडिलांचं मला करता येणार नाही. ते तुम्ही करायचं."

इतका राग मला त्याचा त्याआधीही आला नव्हता, कारण तो बरोबर बोलला होता.

मला तरी पंधरा दिवस लागले. अनघा म्हणते, म्युऑन डोंगरातून जातो, माणसातून जातो. त्या पंधरा दिवसांत माझ्यातून किती गेले असतील! त्यांतला एकसुद्धा पलीकडे बापाजवळ जाऊन काही सांगू शकला नाही. सांगायचं ते मलाच सांगावं लागलं. बा मधल्या बांधीच्या धुऱ्यावर बसला होता. नळी काढली त्या जागी खळगा राहिला होता, त्याच्याकडे पाहत. मी समोर उभी राहिले आणि सांगितलं.

त्याने मारलं नाही. ओरडला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "कितीक घागरी?"

"सहा."

"सहा." तो उठला. डोळ्यांत काहीतरी उजळलं. "म्हंजे ते यंत्र बरोबर होतं! तू सहा घागरी टाकल्या, आनि त्यानं बराबर ओळखल्या! आनि माही टाच बी बरोबर. दोघंही खरं सांगून राहिले होते."

बघा, त्या क्षणीही यंत्र आधी आठवलं त्याला. मी रडत उभी होते, आणि तो त्या नळीच्या खुशीत! त्याही क्षणी मला हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटते.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. खुशी मावळली. "असं काऊन केलं वो तू? गावाची डाळ गेली."

"मले नाई शिकवलं तुम्ही," मी म्हटलं. "तीन वर्षं इचारलं. त्याले आल्या दिवशी शिकवलं."

बा गावात घरोघर फिरला आणि "टाच चांगली होती, मीच आयकलं नाई" एवढंच सांगितलं. माझं नाव कुठे घेतलं नाही. पण ते संध्याकाळी. त्या आधी, तिथेच धुऱ्यावर, त्याने टायरचे जोडे काढले आणि बांधीत उतरला. मला म्हणाला, "ये. ठेव टाच."

मी उतरले. माती दगडासारखी झाली होती, धसकटं पायाला टोचत होती. मी उजवी टाच दाबली. काही झालं नाही. खूण उमटली नाही, थंड लागलं नाही, काहीच नाही.

"काय लागते?"

"काईच नाई, बा."

"याद ठेव," तो म्हणाला. "हे कोरडं. पयले हे समजून घ्या लागते. ओल पुढच्या कार्तिकात दाखवतो."

वैशाखात माझं लग्न झालं.